वडगावचा मुक्काम

सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला की मला पेठ वडगावच्या बहिणीच्या सासरचा तो सोपा, घराची पुढची ओसरी, आठवतो. आमच्या संस्थानच्या थोरल्या महाराजांच्या अमदानीत मी सायकल घेतली. त्याआधी बहिणीकडे बैलगाडीने जायचो, तेव्हा मुक्काम ठरलेला; सासू निजली की बहीण मनातलं बोलायची. त्या दिवशी सायकलवरून गेलो आणि गूळपाणी घेऊन लगेच उठलो. "ऱ्हा की रं आज. सकाळच्या आंबोळ्यांना तांदूळ भिजत घातल्यात," ती म्हणाली. "आता वडगाव काय लांब हाय? परवा येतो की." सासूकडे बघत ती हळूच म्हणाली, "बैलगाडीच बरी हुती." तो परवा काही उगवला नाही. दिवाळीआधीच ती तापाने गेली. तिला काय सांगायचं होतं, ते केस पिकले तरी मला ठाऊक नाही.