दोन बारीक तारा
जळक्या तारेचा वास आला की मला रत्नागिरीतला तो दवाखाना आठवतो, जिथे लग्नाआधी मी नर्स होते. भर पावसातली काळोखी दुपार होती, टेबलावर आतड्याला पीळ पडलेली बंदरावरची एक मासळीवाली होती, आणि डॉक्टरांनी तिचं पोट उघडल्यावर नव्या मोठ्या दिव्याच्या भाराने फ्यूज उडाला. खोलीत भुलीचं, ठिणगीने भडकणारं ईथर होतं, म्हणून कंदील पेटवायची सोय नव्हती. मी व्हरांड्यात धावले. तिथे कंपाउंडर दवाखान्याला वीज देणाऱ्या डायनामोच्या मिस्त्रींना म्हणत होता, "जाड तार घाला नि मोकळे व्हा!" मुंबईच्या गिरणीत काम शिकून आलेले ते पावस गावचे मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मग तार टिकेल नि डायनामो जळेल." त्यांनी फ्यूजच्या एकाच गुंडाळीतल्या दोन बारीक तारा सारख्या लांबीच्या कापून शेजारी शेजारी जोडल्या. "आता दिव्याचा भार दोघी निम्मा निम्मा उचलतील, नि त्याहून जास्त झाला तर डायनामोच्या आधी त्याच तुटतील," ते म्हणाले, "जा बाय, लागेल दिवा." दिवा लागला आणि शेवटच्या टाक्यापर्यंत टिकला. पंधरा दिवसांनी ती बाई डॉक्टरांच्या पाया पडून आपल्या पायांनी घरी गेली. मिस्त्रींनी काय केलं ते तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. त्यांचे आभार आज मी तिच्याही वतीने मानते.