उंबरठ्यांचे ठसे

मी सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि पन्नाशीला आल्यावर कलेच्या एम.ए.ला बसलोय. प्रबंधाचा विषय उंबरठे. उंबरठ्यावर कागद अंथरायचा, वरून कोळशाची कांडी घासायची, की भेगा, खिळे, झीज सगळं कागदावर उतरतं. नियम मीच घातले होते: कागद एकाच मापाचे, दाब एकसारखा, आणि घरच्यांनी हात लावायचा नाही. एवढ्या शास्त्रीय तयारीनिशी एका सकाळी शहाड स्टेशनवर उतरलो.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये जुन्या बराकीतल्या (लष्करासाठी बांधलेल्या लांब चाळीतल्या) एका दुकानाचा लाकडी उंबरठा मनात भरला. आत कोणी दिसेना, म्हणून न विचारताच गुडघ्यांवर बसलो आणि मोजपट्टी काढली. गल्लीत एकदम पळापळ! समोरच्यानं बाहेर मांडलेल्या बादल्या आत ओढल्या. शेजारच्यानं साडी नेसवलेला पुतळा कमरेत धरून उचलला.

दुकानाचे मालक लालचंदभाई धावत आले. "साहेब, एक इंच पण पुढे नाही घेतला आपण! बाप के टाइम से इधरच आहे!"

"मी महापालिकेचा नाही हो. उंबरठ्यांवर संशोधन करतोय."

"याचे पैसे देतात तुम्हाला?"

"नाही. फी मीच भरतो."

तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. शिवाय माझी दयाही आली. त्यांनी दाल-पकवान (डाळीबरोबर खायची कुरकुरीत पुरी) मागवलं. मग माझ्या शेजारी उकिडवे बसून त्यांनी उंबरठ्याच्या मधोमध पडलेल्या खळगीत कागद अंगठ्यानं दाबला. "इधर माँ बैठायची. पापड लाटायला." कागदावर तेलकट अंगठा उठला.

अंबरनाथच्या कारखान्यांच्या भिंतींना लागूनच मोरिवली गाव. तिथं शहाणपणानं आधी हाक मारून विचारलं. हिराबाई नावाच्या आगरी आजींनी दार उघडलं, माझ्या हातातला कोळसा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"अरं बाबा, लक्षुमी हाय ती! न् तू तिला कोलसा फासतंस?"

मी पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकलं, तांब्याभर पाणी आणून उंबरा धुतला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आता कर." ओल्या दगडावर कागद चिकटला, फाटला, पिवळालाल झाला. आजी मात्र खूश. "आता कसा सोभतंय!"

मुक्कामाला बदलापूरला पोचलो. माझा जुना विद्यार्थी प्रशांत आणि त्याची बायको स्मिता यांचा सातव्या मजल्यावर नवा फ्लॅट. उंबरठा काळ्या ग्रॅनाइटचा. मी मन लावून घासलं. कागद नुसता एकसारखा काळा. रेघ नाही, ओरखडा नाही.

"सर, आमचं काहीच नाही आलं?" प्रशांतचा चेहरा पडला.

"दगड नवा आहे रे."

"सात महिने राहतोय आम्ही!"

स्मिता हळूच म्हणाली, "दर अकरा महिन्यांनी सामान बांधलंय सर आम्ही. स्वतःचं दार हे पहिलंच." तिनं कोळशाची कांडी उचलली, स्वतःच्या तळव्यांना फासली, मग प्रशांतच्या. दोघं नव्या कागदावर उभे राहिले. चार काळी पावलं उमटली, घराकडे तोंड केलेली. मग पाय धुवायला दोघं पांढऱ्या लाद्यांवरून न्हाणीघराकडे पळाले, आणि पुढचा तासभर आम्ही तिघं फडकी घेऊन जमीन पुसत होतो. इतका हसलो, की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले.

सांगलीला परतल्यावर प्रबंधातलं 'संशोधन पद्धत' हे प्रकरण खोडून नव्यानं लिहिलं. तीनच वाक्यं झाली: 'आधी विचारावं. चप्पल बाहेर काढावी. मग घरचे सांगतील तसं करावं.'

माझ्या निम्म्या वयाच्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं. अंगठा, हळद, पावलं, सगळे कागद टेबलावर पसरले. मग म्हणाल्या, "सर, संदर्भ द्यावे लागतील. कुणाचे आहेत?"

मी खाली लिहून दिलं: लालचंदभाई, हिराबाई, स्मिता आणि प्रशांत.