शेवटाच्या पलीकडे

लग्नाचे व्हिडिओ जोडायला मी वर्षानुवर्षं जो प्रोग्रॅम वापरतो, तो उघडला की हल्ली कोपऱ्यात एक सूचना येते: कंपनी विकली गेली आहे, पुढचं लवकरच कळवू. बायको म्हणते, "एवढं काय त्यात? दुसरा शिका की."

शिकेनही. पण माझी एक खोड आहे. कापलेले तुकडे मी पुसत नाही. पडद्यावरच्या पट्टीवर फिल्म जिथे संपते, त्याच्या पलीकडे सरकवून ठेवतो; तिथलं काही लोकांना दिलेल्या व्हिडिओत येत नाही. एका पाठवणीत नवरीचे वडील मांडवाच्या खांबाआड रडत होते. "तेवढं काढून टाका हो," ते संकोचून म्हणाले. मी काढलं आणि पलीकडे ठेवलं. मूळ चित्रण डिस्कवर राहीलच. पण आठ तासांच्या त्या गर्दीत हे अर्धं मिनिट कुठे आहे, ते आता फक्त या प्रोग्रॅमला ठाऊक; तो बंद पडला, तर दुसऱ्यात ही मांडणी उघडणार नाही.

काल तीच नवरी मुलगी दुकानात आली. वडील नुकतेच गेले होते. "काका, व्हिडिओत बाबा सगळीकडे हसतच आहेत. माझ्यासाठी ते रडलेच नाहीत का हो?"

मी तिला खुर्ची दिली. ती सूचना बंद केली आणि फिल्मच्या शेवटापर्यंत, मग त्याच्याही पुढे गेलो. तो तुकडा काल तरी उघडला.