सलोमीआत्याला आनंद झाला नाही

आमची सलोमीआत्या गेल्याची बातमी मला चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ‘सिस्टर सलोमी यांना गौरवात बढती मिळाली, हालेलुया!’ खाली फुलं, कबुतरं आणि टाळ्या वाजवणारे हात. बढती! जणू शिरूरच्या ऑफिसातून तिची हेड ऑफिसला बदली झाली होती आणि आता पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. बघता बघता त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आत्यानं तो मेसेज वाचला असता तर चष्म्यावरून बघत म्हणाली असती, ‘कुणी लिवलंय ह्ये? उभं करा त्याला.’ सारी नोकरी मराठी शाळेत मुलांना शिकवण्यात गेलेली. पाठ करून आलेलं उत्तर तिला पहिल्या शब्दाला ओळखू येई, आणि त्याचा तिला मनापासून तिटकारा होता.

तिचा एकुलता एक मुलगा विलास रांजणगावला कंपनीत होता. आत्याचे यजमान लवकर वारले, त्यामुळे घरात हे दोघंच. एका सकाळी रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येताना टँकरची धडक बसली आणि विलास जागच्या जागी गेला. दफनाला दोन-तीन दिवस होतात न होतात तोच प्रार्थनागटाची माणसं घरी आली. पुढे त्यांचे ब्रदर. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना तीही प्रसिद्धीच वाटेल. कडक इस्त्रीचा शर्ट, उंची अत्तर. विलासच्याच कॉटवर ऐसपैस बसून त्यांनी चहा मागून घेतला आणि म्हणाले, “सिस्टर, रडणं म्हणजे अविश्वास. देवानं आपल्या बागेसाठी फूल खुडलं. संकटात मोठ्यानं स्तुती करायची, आनंदानं करायची!” बाकीच्यांनी आमेन म्हटलं. आत्यानं एवढंच विचारलं,

“तुमचा पोरगा कुठं असतो, ब्रदर?”

“बंगलोरला. प्रभूच्या कृपेनं छान चाललंय.”

“मग त्याला फोन करा, जेवला का इचारा. आन् निघा आता.”

ब्रदर हसले. अशी माणसं अपमान झाला तरी हसतात. त्यांच्या चेहऱ्याला दुसरं काही येतच नाही.

आत्यानं चर्च सोडलं नाही. दर रविवारी आपल्या बाकावर जाऊन बसायची, गीत सुरू झालं की उभी राहायची, पण तोंड मिटलेलं. पूर्वी मोकळ्या गळ्यानं गाणारी बाई अशी गप्प उभी राहिली की शेजारच्या बायका कुजबुजायच्या… सलोमीबाई कडू झाल्या, विश्वास डळमळला. या बायकांनी आजवर सासूपलीकडे कुणाला पुरलं नव्हतं, आणि तेही सुटलो म्हणतच. एकदा मी विचारलं, “आत्या, देवावर रागावलीयस का?” ती भाकरी थापत होती. “रागावले की,” म्हणाली. “घरात दुसरं हाय कोण रागवायला?”

मी दौंडला रेल्वे कॉलनीत राहते. आत्या माझ्याकडे आली असताना तिथल्या मैदानावर त्याच ब्रदरांची सभा होती. माझी शेजारीण विजया आम्हा दोघींना आग्रहानं घेऊन गेली. तिचा नवरा प्रकाश कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेला. ‘तुमची स्तुती कमी पडते, म्हणून आजार हटत नाही,’ असं ब्रदरांनी तिला सांगितलं होतं. डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसाचं ओझं बायकोच्या गळ्यात टाकून हे गृहस्थ पुढच्या गावाला मोकळे! स्टेजवर रंगीत दिवे, कीबोर्ड, पाहुण्यांसाठी भाड्याचा सोफा. ब्रदरांना गर्दीत आत्या दिसली आणि त्यांनी माइकवरून पुकारा केला, “एकुलता एक मुलगा गेला, तरी आनंदात असलेल्या सिस्टर सलोमी! या, साक्ष द्या!”

आत्या उठली. पदर खोचला, पायऱ्या चढली, माइक हातात घेतला.

“माझा विलास मेला,” ती म्हणाली. “मला आनंद झालेला न्हाई. रोज सकाळी उठून मी देवाशी भांडते. तो ऐकतो असं मला वाटतं, म्हणून भांडते. ज्याच्याशी खोटं बोलावं लागतं, तसला देव मला नगं.”

कीबोर्डवाल्यानं घाईघाईनं सूर चढवला, माइक बंद झाला, ब्रदर हालेलुया ओरडू लागले. आत्या शांतपणे खाली उतरली. घरी चालत येताना विजया रस्त्यातच थांबली. “आत्या, मला बी आनंद होत न्हाई… माझ्यामुळंच ते बरे होत न्हाईत का?”

“न्हाई गं पोरी,” आत्या म्हणाली. “त्याला आजार झालाय म्हणून तो आजारी हाय. तुझं काय चुकलं न्हाई.” विजया भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडून रडली.

त्यानंतर आत्या शिरूरहून एसटीनं दर आठवड्याला विजयाकडे येऊ लागली. ब्रदर पुन्हा फिरकले नाहीत. बरा न होणारा माणूस त्यांच्या कामाचा नव्हता. शेवटी शेवटी प्रकाशला बोलवेना. एका दुपारी त्यानं खुणेनं गीत म्हणायला सांगितलं. विजयानं सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला थांबली. मग आत्या गायला लागली. विलास गेल्यानंतर पहिल्यांदा. सकाळ दाखवल्याबद्दल देवाचे आभार मानणारं जुनंच गीत. आवाज चिरकलेला, मधेच हुंदका, थांबायची, डोळे पुसायची, पुन्हा तीच ओळ धरायची. मी दारात उभी होते. असली स्तुती मी कुठल्याही स्टेजवर ऐकलेली नाही. प्रकाशचे ओठ हलले, आमेन म्हणाला असावा. त्याच आठवड्यात तो गेला.

स्टँडवर आत्याला सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, “राग गेला का गं?”

“कुठला जातोय,” ती म्हणाली. “त्याच्यासकट गायले.”

आणि आता तिच्या दफनाला हेच ब्रदर पुढे! “आपल्या सिस्टरनी मुलाच्या मरणातही अश्रू ढाळला नाही, हसत स्तुती केली,” असं ते शवपेटीजवळ उभं राहून सांगत होते. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, हा या लोकांचा केवढा आधार! पण विजया बोलली. गर्दीतून पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ब्रदर, खोटं बोलू नका. त्या रडत रडत गायल्या. मी बघितलंय.” ब्रदरांनी डोळे मिटून प्रार्थना उरकती घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मागच्या आठवड्यात विजयाकडे गेले तर दाराला कुलूप. संध्याकाळी भेटली. कोरेगाव भीमाला तिच्या ओळखीच्या एका मुलीचं तान्हं बाळ गेलंय. आता ती अधूनमधून तिच्याकडे जाते.

“काय बोलतेस तिथं जाऊन?” मी विचारलं.

“काय बोलायचं, ताई? ती रडती, मी लसूण सोलते. प्रकाश आजारी हुते तवा आत्या माझ्या सैपाकघरात तेच तर करायच्या. मांडीवर सूप घिऊन बसायच्या, सगळा लसूण सोलून ठिवायच्या.”

“आणि गीत?”

“ती ‘म्हण’ म्हणली, तर,” विजया म्हणाली.