ओरखड्याच्या पुढचं गाणं

आमच्या अंबरनाथच्या घरात बाबांनी अंगारे-धुपारे, गंडेदोरे कधी शिरू दिले नाहीत. मीही त्यांचाच मुलगा. असले अनुभव सांगणाऱ्यांची टिंगल करण्यात मी सगळ्यांत पुढे. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

साल २००६. दिवाळीत बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कारखान्यात नोकरीला होते तेव्हा दाढी करताना जुनी इंग्लिश गाणी गुणगुणायचे. शब्द अर्धे चुकीचे, सूर मात्र पक्का. डॉक्टर म्हणाले, आवडीची गाणी ऐकवा, कधीकधी फायदा होतो. मग काय, मी जुन्या रेकॉर्ड्‌स शोधत फिरू लागलो.

होळीनंतर उल्हासनगरात एक वयस्कर सिंधी बाई भेटल्या. नवरा नुकताच गेलेला, त्याचा रेकॉर्ड प्लेअर आणि वीसेक रेकॉर्ड्‌स विकायला काढलेल्या. एका इंग्लिश रेकॉर्डवर खोल ओरखडा होता. ती बाजूला सारत म्हणाल्या, "ये रहने दो, बेटा." पण नेमकं बाबांचं लाडकं गाणं तिच्यावर! मी हट्टच धरला.

"ठीक है. लेकिन जहाँ अटके, वहीं उठा लेना. आगे मत जाने देना."

मला वाटलं, सुई खराब होईल म्हणून सांगतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, भर उजेडात रेकॉर्ड लावली. बाबांचा डावा हात चादरीवर ठेका धरू लागला. मला भरून आलं. तेवढ्यात सुई अडकली — तीच ओळ, पुन्हा पुन्हा. मी शहाणा! जुनी युक्ती केली, सुईच्या आर्मवर रुपयाचं नाणं ठेवलं. सुई ओरखडा ओलांडून पुढे गेली...

आणि बाबा बोलले.

अगदी खणखणीत. पण सिंधीत — आणि आवाज बाबांचा नव्हता! बाजारात ऐकून ऐकून मला ती भाषा ओळखू येते, कळत नाही. कुणा "कमला"ला हाका चालल्या होत्या, एवढंच समजलं. तोंड भराभर चाललेलं, डोळे मात्र बाबांचेच... भेदरलेले, माझ्यावर रोखलेले. मी झटकन सुई उचलली. तोंड अर्ध्या शब्दावर थांबलं.

सकाळीच उल्हासनगर गाठलं. "आपका नाम कमला है?" विचारताच बाई दारातच मटकन खाली बसल्या.

त्यांच्या नवऱ्याचीही वाचा गेलेली होती.

"दिवाली के बाद ये गाना लगाया, तो बोलने लगे. मराठी में! हमारे घर में किसी को मराठी नहीं आती. आवाज़ भी उनकी नहीं थी. डर के मारे मैंने ही कील से रेकॉर्ड पर..."

"क्या बोलते थे?"

"किसी बबड्या को बुलाते थे. रोज़."

मला बबड्या फक्त बाबा म्हणायचे.

"और? और क्या बोले?" मी जवळजवळ ओरडलोच.

"समझ में ही नहीं आया, बेटा, तो याद कैसे रहता?" मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "और उन्होंने? मुझसे क्या कहा?"

त्यांचं नाव सोडून मलाही एक शब्द कळला नव्हता.

याला दोन वर्षं झाली. डॉक्टरांनाही विचारून पाहिलं, ते नुसतेच हसले. रेकॉर्ड माळ्यावर आहे. बाबा अजून गप्पच असतात. कमलाबाईंचा अधूनमधून फोन येतो, "एक बार लगा दे, बेटा." मी हो म्हणतो आणि लावत नाही. भीती वाटते, खरंच सांगतो. त्या दुपारी बाबांचे डोळे मला काय सांगत होते — सुई उचल, की राहू दे? — तेच मला अजून कळलेलं नाही.