मुलाची माहिती व फोटो

माझ्या फोनला काय झालं होतं ते मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंत आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. अजूनही कुठे साखरपुड्यात, बारशाला भेटले की हसत विचारतात, काय गं, फोन बरा आहे ना आता? मीही हसते. डोंबलाचं बरं. फोन दुसऱ्याच दिवशी बरा झाला होता.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात. पडून हाड मोडलेल्या, लकवा मारलेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवते. वय चौतीस, लग्न नाही. हे शेवटचं मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आत्ता लिहितानाही हात आपोआप चालला.

दोन वर्षांपूर्वी बोरिवलीहून एक मंडळी तिला बघायला आली होती. मुलाच्या आईनं पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, जरा दारापर्यंत चालून दाखव ना. आजच्या काळात. माझ्या मुलीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी बशा गोळा करायला लागले. मग ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. ती माणसं गेल्यावर म्हणाली, "आई, आता बास. माझ्या लग्नाचा विषय तू पुन्हा कोणाकडे काढायचा नाहीस. माझी शपथ घे." तिच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली. दीड महिनासुद्धा पाळली नाही.

काय करू? आईचा जीव वगैरे म्हणतात, पण खरं सांगायचं तर मला लोकांच्या नजरेचा कंटाळा आला होता. आमच्या समाजाचे वधू-वर ग्रुप असतात फोनवर. एकात जावेनं घातलं, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात मी स्वतःच घुसले. ती कामाला गेली की जेवण उरकून मी फोन घेऊन बसायचे. तिचा बायोडाटा टाकायचा, आलेली स्थळं बघायची, संध्याकाळी ती यायच्या आत ग्रुप आवाज बंद करून खाली ढकलून ठेवायचे. इतकं सगळं जमत होतं, आणि म्हणे आईला फोनमधलं काही कळत नाही.

त्या दिवशी दुपारी आमच्या महिला मंडळातल्या एका बाईंचा मेसेज आला. 'मुलाची माहिती व फोटो. बघून लगेच कळवा.' बाई चांगल्या ओळखीच्या, दर वर्षी हळदीकुंकवाला येणाऱ्या. खाली फाईल होती. दाबली तर फोटो येईना. फोन विचारायला लागला, ही फाईल धोक्याची असू शकते, तरी चालू करायची का? आता यात माझा मूर्खपणा बघा. काही घरं हल्ली मुलाचे फोटो कुलूप लावून पाठवतात, ग्रुपवर इकडेतिकडे फिरू नयेत म्हणून. मला वाटलं हे तसलंच काहीतरी. हो म्हटलं. मग त्याला माझे मेसेज वाचायची परवानगी हवी. हो. सगळे नंबर बघायची हवी. घे बाबा, तेही घे. बघायला आलेल्या मंडळींना सगळं घर दाखवायची सवयच लागलेली असते आम्हाला. शेवटी काहीच उघडलं नाही. मी त्या न बघितलेल्या मुलाच्या आईवर चिडले, एवढा कसला भाव खातात म्हणून, आणि जरा आडवी झाले.

अर्ध्या तासानं फोन वाजायला लागला तो थांबेचना. पहिली जाऊ, डोंबिवलीहून. "अगं, उघडत नाही ते. मुलगा करतो काय?" मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग दूधवाला, मग नवऱ्याचा एक जुना मित्र, ज्याच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं. मला मिळालेला मेसेज जसाच्या तसा माझ्या नावानं सगळ्यांना गेला होता. जावेनं तर तीनतीनदा दाबून बघितलं, मग तिच्या फोनवरून तो तिच्या व्याह्यांकडे गेला. एकानेही विचारलं नाही की ही फाईल कसली. सगळ्यांनी विचारलं, जमलं का? माझ्या मुलीचं एकदाचं जमलं की नाही हे बघायला सगळे इतके टपलेले होते की कोणाचं बोट थांबलंच नाही.

मुलगी चारच्या आतच घरी आली. तिलाही गेला होता. तिच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या मॅडमनाही, कारण अडीअडचणीला असावा म्हणून त्यांचा नंबर मी मागून ठेवला होता. माझ्यावर ती अजिबात चिडली नाही. उलट पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस, होतं असं. तू एकटीच नाहीस." तिनं माझ्या फोनचं नेट तोडलं, तिच्या फोनवरून बँकेला फोन लावून माझं खातं तात्पुरतं बंद करून घेतलं. गेलं काहीच नव्हतं. मला म्हणाली, "हे आपण होऊन कुठे जात नाही गं आई. कोणीतरी उघडावं लागतं. आणि माणूस ओळखीच्याचंच उघडतो. आता तुझ्याकडे कुठून आलं ते बघते, त्यांनाही सांगायला हवं."

"राहू दे," मी म्हटलं. "मी सांगेन उद्या."

"अगं, तोपर्यंत आणखी शंभर जणांकडे जाईल."

मी फोन ओढून घ्यायला हवा होता, पडला, फुटला असं काहीतरी करायला हवं होतं. हातातली चहाची गाळणी तशीच धरून मी ओट्यापाशी उभी राहिले. ती बाईंचा मेसेज शोधत खाली खाली गेली आणि ते तीन ग्रुप तिला सापडले. माझ्याच नावावर, एकामागोमाग एक. तिच्या चुलतभावाच्या लग्नातला निळ्या साडीतला फोटो. वय एकतीस. उंची मी दोन इंच वाढवली होती. आणि खाली, मीच विचार करकरून घातलेली ओळ: 'लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे.'

ती ते वाचून वर बघत म्हणाली, "हेपण त्या व्हायरसनं लिहिलंय?"

तिला खरंच तसं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं की मी हो म्हणावं.

"हो," मी म्हटलं. "त्यानंच. मला काय माहीत."

तिनं पुन्हा खाली बघितलं. प्रत्येक मेसेजवर तारीख होती. बोरिवलीची मंडळी येऊन गेल्यावर दीड महिन्यानं पहिला, आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी. ती सगळे बघून होईपर्यंत चहा उतू गेला, गॅस तिनंच उठून बंद केला. मला वाटलं आता भांडेल. तिनं भांडायला हवं होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं.

ती तिच्या फोनवर सगळ्यांसाठी मेसेज लिहायला बसली आणि मला वाचून दाखवला. "आईच्या फोनवरून आलेली फाईल उघडू नका. उघडली असेल तर काढून टाका आणि बँकेला कळवा. माझं लग्न ठरलेलं नाही. यापुढे या विषयावर तिच्या नंबरवरून काही आलं, तर ते मला विचारून पाठवलेलं नाही असं समजावं." मग विचारलं, "चालेल?" परकी बाई फॉर्म भरून घेताना विचारते ना, तसं. मी मान हलवली. जावेला, सेक्रेटरींना, तिच्या मॅडमना, सगळ्यांना तो गेला. लाज वाटली मला, नाही कशी वाटणार. पण त्याहून जास्त राग आला, तिचा, की चारचौघांत अब्रू घालवली. असा माझा स्वभाव.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन पूर्ण पुसून आणला. ग्रुप गेले, मी पुन्हा कधी शिरले नाही, हे मात्र खरं. घरात सगळं पहिल्यासारखं चालू झालं. सकाळी माझी गोळी काढून ठेवायची, रविवारी बाजारातून कोलंबी आणायची, साफ करून द्यायची. विचारलं की उत्तर द्यायची. आपण होऊन काही सांगायची नाही.

आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला थांबवून पेढे मागितले. भांडुपला तुमच्या मुलीचं स्वतःचं क्लिनिक झालंय ना, त्यांची सून गुडघा दाखवायला गेली होती, दारावर पाटी आहे, आत गर्दी असते. तीन महिने झाले म्हणे. मी म्हटलं, हो हो, देते ना पेढे.

संध्याकाळी तिला वाढताना विचारलं, "सगळ्या मुलुंडला कळलं. मला का नाही सांगितलंस?"

तिनं भातावर आमटी घेतली. आवाजात राग नव्हता काहीच.

"तू पुढे पाठवलं असतंस," ती म्हणाली.