वरचा डोह

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शहापूरला एका लहानशा कंपनीत कारकून होतो आणि दर चहाला ताईच्या गावाची फुशारकी मारत असे. टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तिचं सासर. कातळातले डोह, गावठी कोंबडा, तांदळाची भाकरी आणि मोहाची पहिल्या धारेची. ऐकून ऐकून साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. एप्रिलातल्या एका रविवारी साहेब, हेडक्लार्क, ड्रायव्हर आणि मी असे चौघे कंपनीच्या जीपमधून निघालो. त्या दिवसाची मला आजही शिसारी येते. बरीच वर्षं ती मी त्या तिघांच्या नावावर खपवली.

हेडक्लार्क मुरबाडपासूनच सुरू झाला होता. वाटेत भजी, त्यावर पान, आणि खिडकीतून पिचकाऱ्या. एक पिचकारी वाऱ्याने उलटून माझ्या बाहीवर आली, तर म्हणाला, "चालायचंच." पुसायला रुमालसुद्धा पुढे केला नाही.

ताई पहाटेपासून चुलीशी होती. पाहुण्यांना पाणी देऊन तिने मला बाजूला घेतलं.

"जेवान व्हयाला टाइम हाय. न्हायाला मधल्या डोहावर ने हां. वरचा पियाचा हाय."

"म्हाइत हाय गो."

"म्हाइत हाय, पन सांगते. वरच्यात थोडंच पानी ऱ्हायलंय."

उन्हाळ्यात तिथली नदी आटते आणि कातळात तीन डोह उरतात. वरच्यात झरा आहे, म्हणून तो पिण्याचा. मधला अंघोळीचा नि धुण्याचा, खालचा गुरांचा. पाटी नाही, कुंपण नाही. तशी गरजच कधी पडली नव्हती. गावातलं शेंबडं पोरही वरच्यात पाय घालत नाही.

ड्रायव्हरने शेजारच्या घरून मोहाचा कॅन मिळवला आणि आम्ही नदीकडे निघालो. वाट उतरते ती नेमकी वरच्या डोहावर. जांभळाची दाट सावली आणि तळातला खडा न् खडा दिसेल असं पाणी. मधला डोह तिथून दिसत होता, पण त्यावर हिरवट तवंग होता. साहेब "वा!" म्हणाले आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

"साहेब, खाली..." मी तोंड उघडलं.

"काय रे?"

खाली जाऊ या, हे पिण्याचं पाणी आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण मग 'कोण पितं?' असं त्यांनी विचारलं असतं. माझी ताई पिते, उघड्या नदीतलं पिते, हे त्या नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांपुढे सांगायची मला लाज वाटली. ऑफिसात मी इस्त्रीचे कपडे घालून बसत होतो ना!

"काही नाही. जपून उतरा, शेवाळं आहे."

ते उतरले, आणि मागोमाग मीही उतरलो. साहेबांचं पांढरंफटक पोट पाण्यावर तरंगत होतं. ड्रायव्हरने अंगभर साबण चोळून डुबकी मारली आणि फेसाचे पुंजके जांभळाच्या मुळांशी जाऊन अडकले. हेडक्लार्क गळ्यापर्यंत पाण्यात बसून पेल्यामागून पेला रिचवत होता, गुळण्या करत होता, गुळणी तिथेच टाकत होता. मोहाचा तो आंबूस, उग्र वास पाण्याला येऊ लागला. शेवटी व्हायचं तेच झालं. त्याने मान खाली घातली आणि बसल्या जागी भडाभडा ओकला. भजी, पान, दारू, सगळं तांबूस होऊन पाण्यावर पसरलं. साहेब "शी शी" करत बाहेर पळाले, ड्रायव्हर हसत सुटला. मी दोन्ही हातांनी ती घाण काठाकडे लोटत राहिलो, आणि ती बोटांमधून परत आत जात राहिली.

घरी आलो तर पानं मांडलेली. कोंबड्याचा झणझणीत रस्सा, गरम भाकरी, करवंदाचं लोणचं. पोट रिकामं करून आलेला हेडक्लार्क परत तुटून पडला. त्याने माठातलं पाणी तांब्याभर घेतलं, घटाघटा प्यायला.

"ताई, पाणी काय गोड आहे हो! विहिरीचं का?"

"नाय हो. वरच्या डोहाचं. जांभलाखालच्या. सकालीच आनलंय."

हेडक्लार्कने तांब्या खाली ठेवला आणि तोंड दाबत अंगणात धावला. साहेबांचा हात भाकरीवर तसाच राहिला. ते ताईकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"अरे, सांगायचं ना," ते अगदी हळू म्हणाले. "आम्ही खाली गेलो असतो."

खरंच गेले असते. उभा जन्म मी त्या माणसाला शिव्या घालू शकलो असतो, पण त्याने ती सोयही ठेवली नाही.

ताईला सगळं कळलं. "तुमी जेवा, रस्सा थंड व्हईल," एवढं बोलून तिने बादली उचलली आणि गेली. मी मागोमाग गेलो. ती साडी खोचून काठावर उभी राहून डोह उपसत होती. सगळं पाणी काढून टाकायचं, तळ घासायचा, आणि झरा रात्रभर पाझरला की सकाळी हंडाभर मिळालं तर मिळालं. मी बादलीला हात लावायला गेलो. तिने बादली मागे घेतली.

तेवढ्यात हंडे घेऊन बायका आल्या. पाच-सहा घरच्या. एक म्हातारी पाण्याकडे बघून ओरडली, "कोनी केला गो ह्यो?"

"माजे पाव्हने," ताई म्हणाली. "त्यांचा दोष नाय. त्यांना सांगाचं मीच इसरले."

म्हातारी तिला नाही नाही ते बोलली. आईबापाचा उद्धार झाला, म्हणजे माझ्याही. ताई मान खाली घालून पाणी उपसत राहिली. मी चार हातांवर उभा होतो, ओले केस, अंगाला साबणाचा वास. वर जीपचा हॉर्न वाजला आणि मी निघून गेलो.